वरची रेघ

सायराभाभीची पट्टी लाल झाली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि मोनाली दराडे तिच्या शेजारच्याच बोर्डावर काम करत होती.

लाल म्हणजे नुसता तांदळाएवढा दिवा. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चढवलेल्या राखाडी कापडी बाहीवर, बाहेरच्या अंगाला. तिला सगळ्या जणी पट्टीच म्हणत. दिवा हिरवा असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पिवळा झाला की शेजारीण कोपरानं ढोसायची, "अगं, जोर लाव." लाल झाला की लाइनच्या टोकाला सुपरवायझरच्या टेबलावर घंटी वाजायची.

सिन्नरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात गाड्यांचे हार्नेस बनत. गाडीच्या पोटातून बॅटरीपासून दिव्यांपर्यंत शेकडो वायरींचा जो जुडगा जातो, तो हार्नेस. गाड्या विजेवर चालायला लागल्या तशा वायरी उलट वाढल्या, आणि ते गुंतवळ ओवायचं काम अजून कुठल्या यंत्राला धड जमत नव्हतं. त्याला बायकांची बोटंच लागत. भिंतीसारखा उभा बोर्ड, त्यावर खुंट्या, आणि खांद्याच्या वर हात धरून आठ तास वायरी बसवायच्या, टेप गुंडाळायची.

वाजे सुपरवायझर आला आणि सायराभाभीच्या मागं उभा राहिला.

"सायराबाई, या आठवड्यात तिसऱ्यांदा. तीनदा लाल म्हणजे काम बंद, नियम आहे."

"हात चाललेत ना साहेब? बघा की. बोर्ड भरत आलाय."

"बोर्डाचं नाही विचारत मी. तुमच्या हाताला हुकूमच कमी जातोय. चाळीस टक्के. म्हणजे साठ टक्के तुम्ही राखून ठेवताय."

"राखून?" सायराभाभी वळली. सत्तेचाळीस वर्षांची, वीस वर्षं त्याच लाइनवर काढलेली बाई. "माझ्याकडं राखून ठेवायला आहे काय?"

वाजे मुळात वाईट माणूस नव्हता. त्याला ओशाळल्यासारखं झालं. "मी नाही म्हणत," तो म्हणाला, "ती म्हणतेय." आणि त्यानं अंगठ्यानं भिंतीकडं दाखवलं.

भिंतीवर पुरुषभर उंचीचं चित्र होतं. मोनालीचं. बाही चढवलेला हात वर धरलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'पट्टी खोटं बोलत नाही.'

सायराभाभीनं बाही उतरवली, घडी घालून बोर्डाच्या खुंटीवर अडकवली आणि डबा घेऊन निघाली. जाताना तिनं मोनालीकडं एकदाच पाहिलं. मोनालीच्या हातात टेपचं रीळ होतं. ते तसंच हातात राहिलं आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही.

त्या न फुटलेल्या शब्दाचा राग तिला दिवसभर पुरला.

कारण ही सगळी भानगड सुरू झाली होती ती मोनालीपासूनच.

सहा वर्षांपूर्वी तिची डावी पापणी पडायला लागली. सकाळी डोळा लख्ख उघडा आणि दुपारनंतर अर्धा मिटलेला. मग वेणी घालताना हात खाली यायला लागले. मग भाकरी चावता चावता जबडा थकायचा. कारखान्याच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि 'टेन्शन घेऊ नका' असं सांगितलं. रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. आजाराची खोडच अशी होती, की डॉक्टरकडं सकाळी जावं तर मोनाली ठणठणीत. हात दाबून बघितला तर जोर पुरेपूर. आणि संध्याकाळी घरी आली, की कणकेचा गोळा हातातून निसटायचा.

"सकाळी घोड्यासारखी असतेस," नवरा म्हणायचा. "बरोबर स्वयंपाकाच्या टायमाला हात गळतात तुझे."

गोरख दराडे कधी हात उगारणारा माणूस नव्हता. टेम्पो चालवायचा, घरी वेळेवर यायचा. फक्त तो हसायचा. पाहुण्यांसमोर 'आमची नाटककंपनी' म्हणायचा. सासूबाई सांगायच्या, आमच्या वेळी असली दुखणी नव्हती. चार वर्षं मोनाली एकच वाक्य बोलत राहिली, "अहो, मी जोर लावते, पण तो हातापर्यंत पोचत नाही." वाक्य इतकं विचित्र होतं, की ती स्वतःसुद्धा कधीकधी त्यावर विश्वास ठेवेनाशी झाली.

त्या चार वर्षांत कुणी काही विचारलं नाही आणि निमूट मदत केली ती एकट्या सायराभाभीनं. तीन वाजल्यानंतर मोनालीच्या बोर्डाची वरची ओळ तीच भरायची. "तू खालचं बघ," एवढंच म्हणायची.

नाशिकला डॉ. मृदुला खांबेटे भेटल्या त्या योगायोगानं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून महिन्यातून एकदा यायच्या, आणि पापणी पडलेले रुग्ण शोधत होत्या. त्यांनी मोनालीला वर छताकडं बघायला सांगितलं. दीड मिनिटात डावी पापणी उतरली आणि त्या म्हणाल्या, "किती वर्षं झाली?" असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, 'घरी काही ताण आहे का?'

मग त्यांनी कागदावर दोन टोकं काढून समजावलं.

"मेंदूनं हुकूम सोडला की तो मज्जातंतूतून विजेसारखा धावत स्नायूपर्यंत येतो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. वीज ती ओलांडू शकत नाही. म्हणून तंतूच्या टोकातून एक रसायन सांडतं, ॲसिटिलकोलीन. पलीकडे स्नायूवर त्याच्यासाठी जागा असतात, कड्यांसारख्या. पुरेशा कड्यांत ते जाऊन बसलं की स्नायू आखडतो, हात उचलला जातो."

"मग माझं काय बिघडलंय?"

"जंतूंशी लढायला रक्तात प्रतिपिंडं असतात. तुमची प्रतिपिंडं चुकून या कड्यांनाच शत्रू समजलीत. कड्या मोडतायत, अडवतायत. शंभरातल्या समजा तीस उरल्या. सकाळी रसायन भरपूर सांडतं, तीस कड्याही पुरतात. एकसारखं काम करत राहिलं की दर हाकेला रसायन थोडं थोडं कमी सांडतं. माझ्या हातालाही तसंच होतं, पण मला शंभर कड्या असल्यामुळं कळत नाही. तुमचा हात पडतो. बसून विश्रांती घेतली की परत उचलता येतो. याला मायस्थेनिया म्हणतात. आणि बाई, हा आजार नाटकासारखाच दिसतो. तो पकडणं म्हणूनच अवघड."

पट्टी त्यांनी याच्यासाठी बनवली होती. तंतूतून वीज गेली की भोवती अगदी क्षीण चुंबकक्षेत्र उमटतं. ते टिपणारे वाळूच्या कणाएवढे संवेदक त्यांनी कापडात विणले होते. सुया नाहीत, झटके नाहीत. पडद्यावर दोन रेघा दिसत. वरची रेघ, तंतूनं आणलेला हुकूम. खालची, स्नायूनं केलेलं काम.

गोरख त्या दिवशी सोबत होता. मोनालीनं हात समोर धरला. पहिल्या मिनिटाला दोन्ही रेघा बरोबरीनं चालल्या. दुसऱ्या मिनिटाला खालची रेघ खचायला लागली. हात थरथरला, खाली आला. आणि वरची रेघ चढतच गेली.

"बघा," डॉक्टर गोरखला म्हणाल्या, "इथं यांचा हात पडला. आणि नेमक्या त्याच वेळी या नेहमीच्या दीडपट जोर लावतायत."

गोरख पडद्याजवळ गेला. वरच्या रेघेला त्यानं बोट लावून पाहिलं. "म्हणजे खरंच," तो म्हणाला.

मोनालीला वाटलं होतं, की तिला रडू येईल. आलं नाही. ते दोन शब्द माशाच्या काट्यासारखे सलत राहिले. चार वर्षं ती त्याच ताटात जेवत होती, त्याच छपराखाली झोपत होती, तोंडानं सांगत होती. आणि त्याला पटलं ते एका रेघेमुळं.

उपचार सुरू झाले. दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन, जे रक्तातली ती चुकार प्रतिपिंडं वेगानं निकालात काढायचं. तीन महिन्यांत मोनाली पुन्हा पूर्ण पाळी उभी राहून काम करायला लागली. औषध फार महाग होतं, पण ते कारखान्यानं आपल्या योजनेत घेतलं. बदल्यात त्यांना तिचं चित्र हवं होतं. कारण तोवर एका कंपनीनं पट्टीचे हक्क घेतले होते आणि हार्नेसचा कारखाना तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होता. कल्पना ऐकायला छान होती. ज्या बाईचा हुकूम पुरा जातो आणि तरी हात चालत नाही, ती आजारी. तिला रजा, तिला डॉक्टर. कुणाला नाटकी म्हणायचं नाही.

मोनाली स्वतः लाइनवर फिरून बायकांना सांगत होती, "बांधा गं. आता कुणी खोटं पाडणार नाही आपल्याला."

पट्टी जिला खरं ठरवू शकते तिला ती खोटंही ठरवू शकते, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. कारखान्याच्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून होतं. वर्षभरात पडद्यावर खालची रेघ दाखवणं बंद झालं. काम किती झालं ते बोर्डावर दिसतंच. उरली ती फक्त वरची रेघ. कोण किती मनापासून राबतंय, ते दाखवणारी.

पट्टी मोनाली घरीही बांधून असायची, आणि तिथं गोरखला सवय लागली. मोनाली म्हणाली, "आज थकले, तुम्ही वरण टाका," की तो उठण्याआधी मान वाकवून तिच्या दंडाकडं बघायचा. दिवा हिरवा आहे ना ते बघून मग उठायचा. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट तो आता किती समजूतदार झालाय, असं तो चारचौघांत सांगायचा.

सायराभाभीला काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मोनाली सुट्टी टाकून तिच्या घरी गेली. सकाळचे आठ वाजले होते. दार सायराभाभीनं उघडलं ते कोपरानं.

"ये," ती म्हणाली. "फोटोतून उतरून आलीस?"

मोनालीनं ते ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं आणि सायराभाभी परत गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसली. तिनं हात बाहेर काढले. बोटांच्या मधल्या पेरांवर गाठी आल्या होत्या, मनगटं टम्म सुजलेली.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. सकाळी मूठ मिटत नाही. अकरा वाजेपर्यंत जरा सैल होतात. डॉक्टर म्हणतो संधिवात, आमवात, काय ते. कंपनीत सांगितलं असतं तर लाइनवरून काढलं असतं, म्हणून गप्प होते." ती मोनालीकडं बघत राहिली. "मोना, मी जोर लावते गं. खुदा कसम, लावते. पण मशीन म्हणतं लावतच नाही."

मोनालीला बसायला जमिनीवरचा पाट होता. ती त्याच्यावर बसली. तिचंच वाक्य, दुसऱ्या बाईच्या तोंडून.

घराबाहेर येऊन रस्त्याच्या कडेलाच तिनं डॉ. खांबेट्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"सांधा सुजलेला असला," डॉक्टर हळू म्हणाल्या, "की तिथून मणक्याकडं सतत सूचना जातात, जपा, जपा. मग त्या सांध्याभोवतीच्या स्नायूंना पूर्ण हुकूम सोडलाच जात नाही. माणसाला न विचारता. त्या बाईनं कितीही ठरवलं तरी. गुडघ्याच्या दुखण्यात तर हे नेहमी दिसतं, मांडी अर्धीही चालत नाही. तुमच्यात हुकूम निघतो आणि फटीत अडकतो. त्यांच्यात तो निघतानाच कापला जातो. दोघींचीही स्वतःच्याच शरीरानं केलेली फसवणूक. पण पट्टीला तुमची दिसते, त्यांची दिसत नाही."

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"मी निबंधात लिहिलं होतं. अकराव्या पानावर. ही पट्टी इच्छाशक्ती मोजत नाही, असं स्पष्ट—"

"अकराव्या पानावर!" मोनाली इतक्या जोरात ओरडली, की समोरचा फळवाला वळून बघायला लागला. "माझं तोंड भिंतीवर लावलंत पुरुषभर उंच, आणि हे अकराव्या पानावर? लाइनवरच्या कुठल्या बाईनं वाचायचं ते? वाजेनं वाचायचं?"

"मोनालीताई, हक्क विकल्यावर कंपनी काय करते त्याच्यावर माझा—"

"मी बायकांच्या दंडाला ती बांधत फिरले, डॉक्टर. माझ्या हातानं." तिनं फोन बंद केला.

दोन दिवसांनी कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाचा पाटणकर तिला भेटायला बोर्डापाशी आला. हे नवल होतं, कारण तो ऑफिसातून खाली उतरत नसे, आणि आता तर काठी टेकत आला होता. बॅडमिंटन खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. महिन्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली होती.

"सायरा शेखनं कामगार उपायुक्तांकडं तक्रार केलीय," तो म्हणाला. "मंगळवारी सुनावणी आहे. तुम्ही यायचं आणि तुमची गोष्ट सांगायची. बस्स. पट्टीनं तुम्हाला न्याय दिला, हे. आम्ही लिहून दिलंय, नुसतं वाचायचं."

"आणि नाही वाचलं तर?"

पाटणकर हसला. "असं का म्हणता? तुमचं औषध चालू राहावं असं आम्हालाही वाटतंच की."

तो काठी टेकत गेला. मोनाली त्याच्या पायाकडं बघत राहिली. बरा पाय भक्कम पडत होता. दुखऱ्या पायाची मांडी पँटच्या आत लुळ्यासारखी हलत होती. त्या दिवशी तिनं चार बोर्ड भरले आणि दिवा एकदाही पिवळा झाला नाही. संतापाचा हुकूम फार चांगला जातो, हे तिला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन लावला. "डॉक्टर, मंगळवारी नाशिकला या. पायाची मोठी पट्टी घेऊन. आणि अकरावं पान."

सुनावणी उपायुक्त कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. वनमाला गेडाम नावाच्या अधिकारी बाई टेबलामागं बसल्या होत्या, शेजारी टंकलेखक. एका बाजूला सायराभाभी आणि युनियनचा एक म्हातारा माणूस. दुसऱ्या बाजूला कारखान्याचा वकील आणि पाटणकर, पाय ताठ पसरून.

वकिलानं पट्टीची महती सांगितली. माणूस खोटं बोलतो, साक्षीदार फितूर होतात, तंतूतली वीज कुणाची बाजू घेत नाही. पाटणकर मध्येच म्हणाला, "मॅडम, हा केवळ कामगारांवरचा पहारा नाही. आम्ही ऑफिसातले लोकही बांधतो. मी स्वतः रोज बांधतो. माझी कायम हिरवी असते."

मग मोनालीला पुकारलं. तिच्या हातात छापील कागद होता. तिनं तो गेडाम मॅडमच्या टेबलावर पालथा ठेवला.

"मॅडम, हे मी लिहिलेलं नाही, म्हणून वाचत नाही. माझी एक विनंती आहे. पाटणकर साहेब रोज हाताला बांधतात. आज पायाला बांधावी. डॉक्टर मॅडमनी आणलीय."

वकील उठला, ही काय चेष्टा आहे म्हणाला. गेडाम मॅडमनी पाटणकरकडं बघितलं. "तुम्हीच म्हणालात कायम हिरवी असते. हरकत आहे?"

नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याला बांधलेल्या आधारामुळं त्याची पँट ढगळ होती. त्यानं ती वर सरकवली आणि डॉ. खांबेट्यांनी आधी बऱ्या मांडीला बाही चढवली.

"पाय ताठ करून वर उचला. पूर्ण जोर लावा."

पाय उचलला. दिवा हिरवा.

बाही दुखऱ्या मांडीला गेली.

"उचला."

पाटणकरनं दात आवळले. पाय वीतभर वर आला. दिवा लाल. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर उठली, खुर्चीचे हात त्यानं घट्ट धरले. पाय थरथरत होता आणि दिवा लालच.

"अडतीस टक्के," डॉ. खांबेटे म्हणाल्या.

"जोर लावा ना साहेब," सायराभाभी म्हणाली. इतक्या वेळात तिचं ते पहिलंच वाक्य होतं.

"लावतोय! पूर्ण लावतोय!" पाटणकर ओरडला.

खोलीत कुणी हसलं नाही. गेडाम मॅडमनी समोरचा कागद उचलला आणि चष्मा सारखा केला. "हेच वाक्य तक्रारदाराच्या अर्जात आहे," त्या म्हणाल्या. "शब्दशः." मग टंकलेखकाला, "घ्या लिहून. आकडाही आणि वाक्यही."

डॉ. खांबेट्यांनी अकरावं पान दिलं. "हे पान पहिलं असायला हवं होतं, मॅडम. ती चूक माझी आहे, हेही लिहून घ्या."

मोनालीला त्यांची दया आली नाही. पण निदान कुणीतरी चूक 'माझी' म्हटली, हे तिनं मनात नोंदलं.

शेवटी वकील म्हणाला, की या साक्षीदार बाई मुळात अस्थिर मनःस्थितीत आहेत. त्यांचं बोलणं किती धरायचं ते ठरवायला त्यांनी निदान जबाब देताना तरी पट्टी बांधावी.

"नाही बांधणार," मोनाली म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिनं तो उतरवला नाही. "मी सहा वर्षं आजारी आहे, त्यातली चार वर्षं मला कुणी खरं मानलं नाही. नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही, कारखान्यानं नाही. एका बाईनं मानलं. तिनं माझा हात धरून दिवा बघितला नव्हता. माझं तोंड बघितलं होतं. तिला तुम्ही कामचोर म्हणून हाकललंत, तेही माझ्या फोटोखाली. मी सांगतेय तेवढं लिहायचं असेल तर लिहा. नसेल लिहायचं तर मी जाते."

गेडाम मॅडमनी टंकलेखकाला खूण केली. यंत्राच्या कळा वाजत राहिल्या.

निकाल तीन आठवड्यांनी आला. केवळ पट्टीच्या आधारावर कुणालाही कामावरून काढता येणार नाही. सायरा शेख यांना परत घ्यावं, आणि सांध्यांना झेपेल असं बसून करायचं काम द्यावं. पट्ट्या मात्र राहिल्या. त्या बंद करायचा अधिकार त्या कार्यालयाला नव्हता. भिंतीवरचं चित्र एका रविवारी कुणीतरी उतरवलं आणि त्या जागी सुरक्षिततेच्या सूचना लागल्या. सायराभाभी आता तपासणीच्या टेबलावर बसते. परत आल्या दिवशी तिनं मोनालीच्या डब्यात न बोलता दोन शामी कबाब ठेवले होते.

मोनालीच्या औषधाचं पत्र पुढच्याच महिन्यात आलं. योजनेचा फेरविचार चालू आहे, तोवर इंजेक्शन स्थगित. डॉ. खांबेट्यांनी सरकारी दवाखान्यातून जुन्या गोळ्या मिळवून दिल्या, फटीतलं रसायन जरा जास्त वेळ टिकवणाऱ्या. दर चार तासांनी एक. त्या गोळ्यांनी पोटात कळा येतात आणि दुपारनंतर पापणी पुन्हा उतरते. नव्या चाचणीत तिचं नाव घालण्यासाठी डॉक्टर अर्जांवर अर्ज करतायत. त्यांना तिनं अजून माफ केलेलं नाही, पण फोन उचलते.

पत्र आलं त्या संध्याकाळी गोरख भडकला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं पत्र दोनदा वाचलं.

"कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला? चांगलं चाललं होतं सगळं. त्या बाईसाठी स्वतःचं वाटोळं केलंस."

मोनाली मेथी निवडत होती. हात टेबलावर टेकलेले, कारण अधांतरी राहत नव्हते.

"चांगलं कुणाचं चाललं होतं?"

"तुझं! माझं! तुझी काळजी घेत नव्हतो का मी?"

"दिवा बघून घेत होता." तिनं जुडी खाली ठेवली. तिचं बोलणं संध्याकाळच्या थकव्यानं थोडं नाकातून येत होतं आणि ते तिला ऐकू येत होतं, तरी ती थांबली नाही. "चार वर्षं मला नाटककंपनी म्हणालात. पाहुण्यांसमोर. माझ्या आईसमोर. नंतर पडद्यावर रेघ बघितलीत आणि म्हणालात, म्हणजे खरंच. त्या दिवसापासून मी वाट बघतेय, की हा माणूस कधीतरी म्हणेल, मोनाली, मी चुकलो. दोन वर्षं झाली. तुम्ही त्या यंत्राचं कौतुक केलंत, डॉक्टरांचं केलंत, स्वतःचंही केलंत. मला अजून एक शब्द नाही."

गोरखनं पत्राची घडी घातली, परत उलगडली. बाहेर शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता.

तो आत आला आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसला. त्यानं मेथीची एक काडी उचलली.

"चुकलो," तो म्हणाला.

मग त्यानं वर पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडं. मोनालीनं ओठ हलवले. या आजारात दिवस मावळला की गालाचे स्नायू ऐकत नाहीत. ओठांचे कोपरे वर जात नाहीत, नुसते आडवे ताणले जातात, आणि दात दिसतात. हसणारं माणूस गुरगुरल्यासारखं दिसतं.

गोरख गोंधळला. सवयीनं त्याची नजर तिच्या दंडाकडं गेली. दंड उघडा होता. तिथं काहीच नव्हतं.

"हसतेस," त्यानं विचारलं, "का चिडलीयस?"

"चिडलेय," मोनाली म्हणाली. "अजून खूप दिवस चिडलेली राहणार आहे."

त्यानं मान हलवली. मेथीची अर्धी जुडी आपल्याकडं ओढली आणि पानं खुडायला लागला.